शनिवारी देव खाली असतो

शिमोनदादा, तुम्ही मंगळवारी सकाळी, घराच्या ओट्यावर, खाटेवरच गेलात. दफन बुधवारी दुपारी ठरलं होतं, ते संध्याकाळी झालं. मधल्या वेळात तुम्ही घरात होतात आणि चर्चची मंडळी अंगणात बसली होती. प्रश्न एकच होता. तुम्हाला कबरस्तानात तुमच्या पत्नी एस्तरबाईंशेजारी ठेवायचं, की शेताच्या टोकाला, ओहोळाकाठी, तुमच्या वडिलांच्या दगडापाशी? दगडापाशी ठेवा, असं तुम्ही सांगून गेला होतात. तुमचे वडील जालमा ख्रिस्ती नव्हते. ख्रिस्ताचं नाव गावात येण्याआधीच ते वारले होते.

तुमचं वय, शेती, मंडळीतलं पंचपद, मागे मुलगी आणि नातवंडं, हे सगळं मी मंगळवारीच पेपरच्या ऑफिसला कळवलं. आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्यांत चूक एकही नाही. तुम्ही मात्र त्यांत कुठे सापडत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आपली ओळख त्या दगडामुळेच झाली. नवापूरच्या डोंगरपट्ट्यात शेतांच्या कडेला पूर्वजांचे दगड उभे असतात, त्यांच्यावर रविवारच्या पुरवणीत लेख हवा होता. नंदुरबारहून रफिकभाईंच्या जीपने आलो. जीपमधून आदल्या दिवशी मिरचीची पोती गेली होती, त्यामुळे तुमच्या गावापर्यंत आम्ही दोघेही ठसकत होतो. तुम्ही ओहोळाकाठी बसला होतात. कमरेएवढा दगड, वरून गोलसर, त्याच्यावर शेंदूर नाही, कोरीव काम नाही. मी विचारलं, "हे कुणाचं स्मारक?"

"स्मारक नाही. बाप आहे."

मी लिहून घेतलं. तुम्ही वाकून पाहिलंत. "काय लिहिलं?"

"वडिलांचं स्मारक."

"खोडा. बाप लिहा."

मी खोडलं आणि बाप लिहिलं. मग तुमच्या गळ्यातला क्रूस दिसला, म्हणून म्हटलं, तुम्ही तर ख्रिस्ती आहात.

"मी आहे. हा नाही. ह्याला कुणी सांगितलंच नाही." मग तुम्हीच मला प्रश्न टाकलात. "तुम्ही पेपरवाले. पेपर गावात यायच्या आधी माणूस मेला, तर त्याने पेपर वाचला नाही म्हणून त्याला शिक्षा करता येते का?"

"नाही येत."

"मग हे आमच्या चर्चच्या पाळकाला सांगा."

रफिकभाई रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. ते तिथूनच म्हणाले, "भाऊ, हाऊ सवाल ते आमना घर बी शे. मन्हा पणजाना पणजा कोन व्हता, कोणले माहीत? तो बी आधीनाच."

तुम्ही हसलात आणि सरकून बसलात. "मग या. इथे जागा आहे."

त्यानंतर बहुतेक वर्षी, गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधल्या शनिवारी, मी तुमच्याकडे येत राहिलो. हा दिवस मंडळीत रिकामा असतो. शुक्रवारी चर्च गच्च भरतं, बायका रडतात. रविवारी पहाटे सगळे गात गात कबरस्तानात जातात आणि कबरींवर मेणबत्त्या लावतात. शनिवारी बाया चर्च झाडतात, सारवतात, फुलं लावतात. तुम्ही त्या दिवशी बैल जुंपत नव्हतात. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, दगडापाशी जाऊन बसायचात. बरोबर शास्त्र, म्हणजे बायबल, नाही, गीतांचं पुस्तक नाही. पहिल्या वर्षी मी विचारलं, आज इथे का?

"आज देव वर नाही," तुम्ही म्हणालात. "खाली आहे." आणि तळहात जमिनीवर ठेवलात.

दर रविवारी मंडळी उभी राहून आपला विश्वास बोलून दाखवते. त्यात एक छोटं वाक्य येतं, की मेल्यावर तो मेलेल्यांच्या ठिकाणी उतरला. लोक ते भरभर म्हणून पुढे जातात, कारण पुढे पुनरुत्थान आहे, तिथे आवाज चढवायचा असतो. तुम्ही त्या छोट्या वाक्यावर थांबायचात. मंडळी तिसऱ्या दिवसापर्यंत पोचलेली असायची आणि तुमचा एकट्याचा आवाज अजून खालीच. एस्तरबाई कोपर मारायच्या. मी हे दोनदा स्वतः ऐकलं आहे.

त्या पहिल्या शनिवारी तुम्ही मला तुमचा हिशेब सांगितलात. "शुक्रवारी तो गेला. रविवारी उठला. शनिवारी कुठे होता? मेलेल्यांत. आता सांगा, त्या दिवशी मेलेल्यांत ख्रिस्ती किती होते?"

"एकही नाही," मी म्हणालो, आणि सवयीने दुरुस्ती केली. "एक होता. शेजारच्या क्रुसावरचा चोर."

"तो आदल्या संध्याकाळीच पोचलेला. त्याला अजून बसायला जागा मिळाली नसेल." तुम्ही स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसलात. मग हसू थांबलं. "बाकी सगळे माझ्या बापासारखे. नाव न ऐकलेले. पृथ्वीवर माणूस झाला तेव्हापासूनचे सगळे. आणि तो आधी त्यांच्याकडे गेला. शिष्यांकडे नंतर."

मी खाली पाहिलं. ओहोळाकाठची काळी माती, भाताचे वाळलेले खुंट, मुंग्यांची ओळ. या जमिनीखाली एवढे लोक असतील आणि त्यांच्यात आज कुणी येऊन उभं असेल, हे माझ्या मनात याआधी कधी आलं नव्हतं. मी पाय आवरून घेतले. तुम्ही ते पाहिलंत.

मी ख्रिस्ती नाही. बातमीत तारीख आणि ठिकाण आधी तपासायचं, एवढं मला शिकवलेलं आहे. म्हणून पुढच्या वर्षी मी तुमच्या हिशेबातली चूक दाखवली. म्हटलं, दादा, तो शनिवार होऊन एकोणीसशे वर्षं उलटली, त्यानंतर तुमचे वडील वारले. ते 'आधीचे' नाहीत, नंतरचे आहेत. त्या शनिवारी खाली जे होते त्यांच्यात जालमा नव्हते.

तुम्ही रागावला नाहीत. काठीने मातीत एक रेघ ओढलीत. "ही येशूच्या आधीची आणि नंतरची रेघ. तुम्ही म्हणता ती सगळ्या जगाला एकाच दिवशी लागली. धडगावला वीज आली त्या दिवशी आमच्याकडे आली होती का?"

"नव्हती."

"मग ही रेघसुद्धा चालत येते. रोमला एका साली पोचली, मुंबईला एका साली. आमच्या डोंगरात इसवीसन पूर्व माझ्या बापाच्या मरणापर्यंत होतं."

हे वाक्य मी पुरवणीत छापणार होतो. उपसंपादकाने कापलं, म्हणाला, वाचकाला चूक वाटेल. तेव्हापासून 'जुन्या काळी' असं लिहिताना माझा हात थांबतो. कुठल्या गावातल्या जुन्या काळी, हे आधी बघावं लागतं. हे मला तुम्ही दिलंत, आणि तुमचे आभार मानायचे राहून गेले.

तुमचा बाप देवीच्या साथीत गेला. तुम्ही सात-आठ वर्षांचे होतात, नाव बुध्या, कारण जन्म बुधवारचा. तुमच्या लोकांत मेलेल्यांना जाळतात, पण देवीने मेलेल्यांना पुरायचे, म्हणून जालमांना ओहोळाकाठी पुरलं आणि मागाहून वर दगड उभा केला. शेवटच्या दिवसांत त्यांचे डोळे गेले होते. एवढं तुम्हाला आठवत होतं, की ते आवाजाकडे मान वळवायचे आणि चुकीच्या बाजूला बघायचे. पाठोपाठच्या उन्हाळ्यात गुजरातेकडून एक सुवार्तिक पायी आला. खांद्याला औषधांची पेटी होती. झाडाखाली बसून तो लोकांच्या जखमा धुवायचा आणि येशूबद्दल सांगायचा.

त्यानंतरची गोष्ट तुम्ही मला एका शनिवारी सांगितलीत आणि लगेच म्हणालात, "मी आहे तोवर छापू नका." आता तुम्ही नाही, म्हणून लिहितो.

गावातल्या बऱ्याच लोकांनी नदीच्या डोहात बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी तुमची आई काठावर कोरड्या लुगड्यात उभी राहिली. तिने सुवार्तिकाला एकच गोष्ट विचारली होती, की माझा नवरा कुठे आहे? तो म्हणाला, ते मला माहीत नाही, पण तू ये. ती म्हणाली, "मी इकडे आले तर तो तिकडे एकटा पडेल." आणि ती आली नाही.

तुम्ही रांगेत होतात. तुमची पाळी आली, सुवार्तिकाने तुम्हाला बुडवून वर काढलं आणि शिमोन हे नाव दिलं. तुम्ही काठावर आलात, आईकडे पाहिलंत, आणि जाऊन पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहिलात. त्या दिवसांत गावात दुधाची भुकटी वाटायला माणसं यायची. घरात कुणी आजारी असेल, येऊ शकत नसेल, तर घरच्या पोराने रांगेत परत उभं राहायचं, त्याचं नाव सांगायचं आणि त्याचा वाटा घ्यायचा. सगळी पोरं तसंच करायची, कुणी हरकत घेत नसे. तुम्हाला वाटलं, हेही तसंच असणार.

"ओली पोरं सगळी सारखीच दिसतात," तुम्ही म्हणालात. "त्याने विचारलं, नाव? मी म्हटलं, जालमा. तो म्हणाला, आता तुला नवं नाव देतो. मी म्हटलं, नवं नको, हेच राहू दे."

"का?"

"नाव बदललं तर बापाला कसं कळेल, कुणाला बोलावलंय?"

सुवार्तिकाने तुमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बुडवलं. त्याला कळलं होतं का, हे मी तुम्हाला खोदून विचारलं. तुमचं म्हणणं, कळलं होतं, कारण दुसऱ्या वेळी त्याने तुम्हाला जास्त वेळ पाण्याखाली धरलं. "जालमा मोठा माणूस होता ना. त्याला जास्त पाणी लागणार."

घरी जाऊन तुम्ही आईला सांगितलंत, बाच्या नावाचं पण घेऊन आलोय. पुढच्या वर्षी ती डोहात उतरली.

मी हे लिहून घेतलं आणि शेवटी कंसात माझी नेहमीची टीप जोडली: एकाच माणसाचं सांगणं, दुजोरा नाही. सुवार्तिक केव्हाच वारला होता. तुमची आई गुजरातेत ऊसतोडीला गेली असताना तिकडेच गेली. तिची कबर नेमकी कुठे, ते तुम्हालाही सांगता येत नव्हतं.

मोठेपणी तुम्ही पंच झालात तेव्हा तुम्हाला कळलं, की मेलेल्याच्या वतीने घेतलेलं पाणी मंडळी मानत नाही. तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत. पण जो पाळक गावात येईल त्याला, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखा, तुम्ही तोच प्रश्न विचारायचात. एक म्हणाले, नाव न घेता गेले ते गेले. आणि हे सांगताना ते रडले, कारण त्यांचे आजोबा तसेच गेले होते. दुसरे शिकलेले होते. ते म्हणाले, ज्यांना नियम मिळाला नाही त्यांचा न्याय त्यांच्या मनावर जे लिहिलेलं असतं त्यावरून होईल.

"माझ्या... म्हणजे त्या माणसाच्या मनावरचं वाचणार कोण?"

"देव."

"त्याला आमची मावची बोली येते?"

"येत असावी, दादा," ते म्हणाले.

त्यांनीच तुम्हाला शास्त्रातली ती जागा दाखवली, जिथे ओझरतं लिहिलं आहे की ख्रिस्ताने बंदीतल्या आत्म्यांकडे जाऊन घोषणा केली. पण हे जलप्रलयात बुडालेल्यांबद्दल आहे, सगळ्यांबद्दल नाही, असंही त्यांनी बजावलं. तुम्ही ती गोष्ट घेऊन माझ्याकडे आलात तेव्हा डोळे चमकत होते. "जलप्रलयवाल्यांना तर आधी सांगितलं होतं! नोहा तारू बांधत होता, सगळे बघत होते, हसत होते. सांगून न ऐकणाऱ्यांकडे तो गेला. मग ज्यांना सांगितलंच नाही त्यांना टाळून पुढे जाईल?"



आताचे पाळक तरुण आहेत, खापरकडचे. त्यांनी तुम्हाला सांगितलं, शास्त्र जिथे गप्प आहे तिथे मीही गप्प. तुम्हाला हे उत्तर सगळ्यांत आवडलं होतं. "ह्याला माहीत नाही आणि तो तसं सांगतो. ह्याच्या हातून माती घ्यायला हरकत नाही."

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. ते मी सुरू केलं होतं. मी म्हटलं, दादा, समजा तुमचं खरं आहे, ज्यांना माहीत नव्हतं त्यांना देव स्वतः जाऊन भेटला. मग सुवार्तिक एवढ्या उन्हात पायी आला कशाला? न सांगितलेले सुरक्षित असतील, तर न सांगणंच बरं होतं. त्या शनिवारी तुम्ही दगडावरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसलीत आणि उठलात. मला वाटलं, मी तुमचं काहीतरी मोडलं. जीपमध्ये रफिकभाई म्हणाले, "भाऊ, जीतनं बी एक टायम ऱ्हास." जिंकायचीही एक वेळ असते, हे त्यांचं बरोबर होतं.

उत्तर यंदा भातकापणीनंतर मिळालं. तुम्ही खाटेला खिळला होतात, आवाज बारीक झाला होता. रूथ, तुमची मुलगी, नवापूरला नर्स आहे. ती रजा घेऊन आली होती आणि तुम्हाला पेज भरवत होती. तुम्ही चमचा बाजूला केलात.

"तुम्ही विचारलं होतं, तो कशाला आला. ऐका. माझा बाप देवाला माहीत होता. देव माझ्या बापाला माहीत नव्हता. मेलेल्यांनी उठायची वेळ आली, कुणी हात धरला, तर कुणाचा हात हे त्याला कळायचं नाही. डोळे गेलेत त्याचे. तो घाबरेल. तिथे आपलं माणूस पाहिजे, आपल्या बोलीत सांगणारं. बा, भिऊ नको, हा आपलाच आहे. एवढ्यासाठी सुवार्तिक आला. मला सांगून गेला, म्हणजे मी सांगेन."

दम लागला म्हणून तुम्ही थांबलात.

"हे काम आईचं होतं. ती ऊसतोडीत राहिली. आता मलाच करायला पाहिजे. मला ओहोळाकडे ठेवा."

रूथने विचारलं, "आणि आई? तिच्याशेजारी जागा ठेवलीये ना तुमची."

"तुझी आई मंडळीत आहे. तिला सगळं माहीत आहे. ती माझ्याआधी उठून भाकरी टाकायला लागलेली असेल."

रूथ हसली नाही. पेजेचं भांडं उचलून आत गेली.

मला तेव्हा एक विचारायचं होतं. डोळे गेलेल्या माणसाला त्याच्या बोलीत धीर देणं देवाला स्वतःला जमणार नाही का? तुम्ही थकला होतात, मी पुढच्या खेपेसाठी ठेवलं. पुढची खेप बुधवारची झाली.

बुधवारी अंगणात पाळक, पंच, बायामाणसं, सगळे होते. पोलीस पाटलांनी येऊन सांगितलं, जमीन घरची आहे, गावाची हरकत नाही, तुमचं तुम्ही ठरवा. त्यांच्या पाठोपाठ एक पंच उठले. "आज एक शेतात, उद्या दहा शेतात. मग कबरस्तान कशाला राखलं? आणि दगडाशेजारी क्रूस लावला की लोक दोघांनाही नारळ फोडतील."

रूथ दारात उभी होती. "आई आयुष्यभर त्यांच्या मागे चालली. बाजाराला, शेताला, चर्चला. आता तरी त्यांनी तिच्या शेजारी पडावं."

"अगं, तुझ्या आईला त्याच्या घोरण्यातून आत्ता कुठे सुटका मिळालीये," एक म्हातारी बाई म्हणाल्या. अंगण हसलं. रूथलाही हसू आलं आणि त्यातच ती रडायला लागली.

तेव्हा पौलुसबाबा बोलले. ते तुमच्याच वयाचे, गावात तुमच्या पिढीतले उरलेले एकटे. त्यांना उठवत नव्हतं, बसूनच बोलले. "तो दोनदा पाण्यात गेला होता."

पाळकांनी विचारलं, "कोण?"

"शिमोन. मी रांगेत होतो. तो माझ्या पुढून गेला, शिमोन झाला. मग माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि बापाच्या नावाने परत गेला. मी बघितलं."

मी विचारलं, बाबा, इतकी वर्षं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?

"सांगितलं असतं तर त्याचं एक पाणी काढून घेतलं असतं ना," पौलुसबाबा म्हणाले. मग पाळकांकडे वळले. "साहेब, त्यानंतर त्याची आई आली. ती आली म्हणून माझी आई आली. दोघी गेल्या म्हणून पाड्यातल्या बाया गेल्या. तुमचं हे अंगण कुठून भरलं, ते बघा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, आपापल्या पायांकडे पाहिलं. मी ही गोष्ट तुमच्या तोंडून ऐकली होती आणि एका पोराची निष्पाप चूक म्हणून जपून ठेवली होती. ती एवढ्या माणसांच्या खाली पायासारखी असेल, हे मला त्या अंगणात दिसलं. तिथे मी काही लिहून घेतलं नाही. माझ्या टिपेतला 'दुजोरा नाही' हा शेरा रात्री खोडला.

पाळक उभे राहिले. "त्या दुसऱ्या पाण्याला मंडळी मानत नाही, आणि मलाही मानता येणार नाही. जालमांसाठी मी दफनाची प्रार्थना वाचणार नाही, मला तो अधिकार नाही. शिमोनदादांसाठी वाचेन. ती कुठे उभं राहून वाचायची, यावर शास्त्र गप्प आहे." ते रूथकडे वळले. "ताई, आई तुझी आणि बाप तुझा. तू सांगशील तिथे."

रूथ आत तुमच्यापाशी गेली. तिने दार लावून घेतलं नाही, म्हणून अंगणातून दिसत होती. तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण तिने लावलं. उशाशी बसली. तुम्हाला काहीतरी म्हणाली, मावचीत, ते मला समजलं नाही आणि कुणी मला सांगितलंही नाही. बाहेर येऊन म्हणाली, "ओहोळाकडे खणा."

जमीन वाळली होती, खणायला वेळ लागला. दगडाच्या बाजूने खणताना कुदळ एका सपाट फरशीच्या कडेला लागली. खणणारे थांबले आणि वर आले. पाळकांनी चपला काढल्या, स्वतः खाली उतरले, हाताने माती बाजूला करून पाहिलं. ती जालमांवर ठेवलेली फरशी होती. त्यांनी ती पुन्हा मातीने झाकली आणि कबर हातभर अलीकडे घ्यायला सांगितलं. एवढंच अंतर राहिलं, एक हात. काठावरचे पुरुष टोप्या काढून उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं.

प्रार्थना झाली. पाळकांनी तुमचंच नाव घेतलं, ठरल्याप्रमाणे. पेटी खाली उतरली. पहिली माती द्यायला पौलुसबाबांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी एक मूठ तुमच्यावर टाकली आणि हात पुढे करून दुसरी मागितली. ती मूठ घेऊन ते दगडाकडे वळले. "जालमाला कुणी मूठमाती दिली नव्हती," ते म्हणाले. "देवीची भीती. दोन माणसांनी पुरलं आणि पळत आले. त्यातला एक माझा बाप." त्यांनी माती दगडाच्या पायथ्याशी टाकली.

त्यांच्या मागे रांग लागली. बायका, पुरुष, कडेवरची पोरं. ज्या पंचांनी नारळाची भीती घातली होती, तेही रांगेत होते. एक मूठ कबरीत, एक दगडापाशी. रफिकभाईंनी जीप वर रस्त्याला उभी केली होती. तेही उतरून आले आणि त्यांनीही दोन्ही मुठी टाकल्या. कुणी गीत सुरू केलं नाही. मातीचा आवाज तेवढा येत होता.

रूथने एकच मूठ टाकली, तुमच्यावर. पेटीवरच्या फुलांतली अर्धी तिने काढून ठेवली होती. ती पदरात घेऊन ती कबरस्तानाच्या वाटेने गेली.

पाळक शेवटी आले. त्यांनी एक मूठ कबरीत टाकली. मग वाकून दुसरी उचलली आणि दगडापाशी टाकली.